काळ्या कोनात मेंदी किती?

संपादक महाशय,

श्रावण तोंडावर आला की महाद्वार रोडवर झटपट काळ्या मेंदीच्या कोनांचे ढीग लागतात. मेंदीच्या पानातले रंगद्रव्य लॉसोन त्वचेला काळा रंग देतच नाही. खरी मेंदी सहा-आठ तास ठेवावी लागते. काढल्यावर ती नारिंगी दिसते आणि दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. तासाभरात काळे रंगणारे हात बहुधा केसांच्या रंगातल्या पॅरा-फिनिलीनडायअमाईनचे, म्हणजे पीपीडीचे असतात.

युरोपात पीपीडी केसांच्या रंगात २ टक्क्यांपर्यंतच चालते, त्वचेवर अजिबात नाही. केसांचा रंग अर्ध्या-पाऊण तासात धुतला जातो. कोनातले पीपीडी मात्र किती आहे याचा पत्ता नसताना तासन्‌तास हातावर वाळते. पहिल्यांदा बहुतेकींना काहीच होत नाही, आणि घात तिथेच होतो. शरीराला अ‍ॅलर्जी जडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत बरोबर नक्षीच्या रेघांवर खाज, सूज, पाण्याचे फोड. त्यामुळे आदल्या दिवशी कानामागे टिपका लावून बघण्यातही खात्री नाही. डाग महिनोन्‌महिने राहतात, अ‍ॅलर्जी जन्मभर. पुढे केस काळे करताना चेहरा सुजून डोळे मिटतात. बेंझोकेनसारखे भुलीचे औषधही बाधू शकते.

फोड आले तर हळद, चुना, टूथपेस्ट फासू नका. साबणाने धुऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

घरी करायची तर १०० ग्रॅम वस्त्रगाळ पूड, २५ ग्रॅम साखर आणि लिंबाचा रस किंवा पाणी लागेल तसे. आठ-दहा तास झाकून ठेवा, मग कोन भरा. बाहेर ठेवली तर दोन-चार दिवसांत तिचा रंग उतरतो. तेव्हा महिनोन्‌महिने टांगलेल्या कोनावरचे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कुणी वाचूच नये! तान्ह्या बाळांना मात्र शुद्ध मेंदीही नको: जी-६-पीडीची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते.

सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत ३० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या पाकिटाला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे, आणि बरेच कोन नेमके त्याच्या आत बसतात. ही सूट मेंदीपुरती काढावी. तोवर अन्न व औषध प्रशासनाने नागपंचमीपूर्वीच कोनांचे नमुने घेऊन पीपीडीची तपासणी करावी आणि निकाल जाहीर करावेत.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, कोल्हापूर