दहा खोल्यांचा बंगला आणि आमचा अकरा खोल्यांचा वाडा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला केळी पिकवणारा शेतकरी. आपला पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो, पण पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. गेल्या महिन्यात जे बघून आलो ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. जागा कमी असेल तर मधलं कापा, पण वाड्यांचा मुद्दा तेवढा राहू द्या.

माझा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्याने यंदा आम्हा सगळ्यांना बोलावलं, मी, बायको आणि माझी माय, वय वर्षं ८१, पहिल्यांदाच विमानात बसली. आठ दिवस त्याच्याच फ्लॅटवर राहिलो पण शेवटची एक रात्र त्याने आजीसाठी म्हणून रॅफल्स हॉटेलमधे बुक केली होती. एका रात्रीचे हजार सिंगापूर डॉलरच्या वर, म्हणजे आपले साठ-सत्तर हजाराच्या घरात, मला कळलं तेव्हा मी त्याला चांगलाच बोललो की तेवढ्यात आपल्या शेतातल्या ठिबकच्या नळ्या बदलून झाल्या असत्या. तो म्हणे पप्पा, एकदा बघा तर खरं, मग बोला.

बघितलं. पांढरीशुभ्र तीन मजली इमारत, कमानी, लांबच लांब व्हरांडे, लाल कौलं, आजूबाजूला काचेचे टॉवर आणि मधे हे एवढं जुनं घर ऐटीत बसलेलं. दारात पांढऱ्या युनिफॉर्ममधे फेटा बांधलेला उंचापुरा शीख दरवान, त्याने मायला हात जोडून नमस्ते केलं आणि हाताला धरून पायरी चढवली. आत अंगणात चाफ्याची झाडं. आणि समोर एक झाड पंख्यासारखं पसरलेलं, ते बघून माय जोरात म्हणाली, "हाई ते केळनं झाड शे!" मलाही क्षणभर तसंच वाटलं, पानं हुबेहूब केळीची, फक्त एका ओळीत मोराच्या पिसाऱ्यासारखी. तिथल्या माणसाने सांगितलं की ह्याला ट्रॅव्हलर्स पाम म्हणतात, मूळ मादागास्करचं, केळीचं लांबचं नातलग, पानांच्या बुडाशी पावसाचं पाणी साठतं आणि तहानलेल्या वाटसरूला ते मिळतं म्हणून हे नाव. हॉटेलचं बोधचिन्हच ते झाड आहे. माय त्या पानाला हात लावून बघत बसली, आमच्याकडे वादळात केळी आडवी होते तेव्हा जशी लावते तसा.

आता इतिहास सांगतो, कारण मुद्दा त्यातच आहे. हे हॉटेल १ डिसेंबर १८८७ ला सुरू झालं, सार्कीज नावाच्या आर्मेनियन भावांनी सुरू केलं. आणि सुरू झालं तेव्हा काय होतं तर समुद्रकाठचा एक जुना बंगला, तोही एका अरब व्यापाऱ्याकडून भाड्याने घेतलेला, खोल्या फक्त दहा. दहा! आज तिथे ११५ स्वीट, म्हणजे ऐसपैस खोल्या, आहेत. आज दिसते ती मुख्य इमारत १८९९ ची, त्यात तेव्हाच विजेचे दिवे आणि पंखे होते. समोरच्या रस्त्याचं नाव बीच रोड पण समुद्र कुठे दिसत नाही, कारण भर टाकून टाकून समुद्रच लांब सारला, पण रस्त्याचं नाव कोणी बदललं नाही.

१९०२ साली एका सर्कशीतून पळालेला वाघ इथल्या बिलियर्ड रूमच्या खाली शिरला होता (खांबांवर उभी इमारत, खाली मोकळी जागा) आणि तिथेच त्याला गोळी घातली. ही एक गोष्ट ते लोक १२० वर्षं सांगतायत. साहेब, आमच्या सातपुड्यात यावलच्या जंगलातल्या वाघांच्या गोष्टी माझ्या आजीला ढिगाने माहीत होत्या, एकही कोणी लिहून ठेवली नाही, मीसुद्धा नाही.

बरं, त्यांचं सगळं सुखासुखी चाललं असंही नाही. १९३१ च्या मंदीत ह्या सार्कीज बंधूंची कंपनी दिवाळखोर झाली. १९४२ मधे जपानी सैन्य आलं, हॉटेलचं नाव बदललं, तेव्हा कामगारांनी म्हणे चांदीची मोठी ट्रॉली अंगणात पुरून ठेवली आणि लढाई संपल्यावर उकरून काढली. पुढे आजूबाजूला शहर उंच झालं आणि हे मोडकळीला आलं. त्या जागेच्या भावाचा विचार करा, पाडून टॉवर उभा केला असता तर किती पैसा! पण १९८७ मधे, बरोबर शंभराव्या वर्षी, तिथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं, मग १९८९ ते १९९१ हॉटेल बंद ठेवून १६ कोटी सिंगापूर डॉलर खर्च केले आणि १९१५ च्या सुमारास ते जसं दिसायचं तसं परत उभं केलं. २०१७ ला परत कामाला घेतलं, २०१९ ला पुन्हा उघडलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर लाँग बार म्हणून जागा आहे तिथे गेलो. दारूचं ठिकाण म्हणून माय आधी यायलाच तयार नव्हती, मुलाने बिनदारूचं सरबत मागवलं. छताला ताडाच्या पानाच्या आकाराचे पंखे आपोआप हलतात, आणि टेबलावर गोणपाटाच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा! आपल्याकडे शेंगा आणि गोणपाट कोणाला नवीन आहे? पण तिथली पद्धत अशी की शेंग फोडायची आणि टरफल खाली जमिनीवर टाकायचं, पायाखाली नुसता कचकच आवाज. सगळे गोरे-चिनी लोक मजेत टाकत होते. मायला काही ते जमेना, तिने सगळी टरफलं ओच्यात गोळा केली आणि शेवटी वेटरच्या हातात दिली. त्या पोराने ती दोन्ही हातात घेतली आणि वाकून थँक्यू म्हणाला. याच बारमधे १९१५ च्या सुमारास सिंगापूर स्लिंग नावाचं गुलाबी पेय एका हैनानी (चीनच्या हैनान बेटाकडच्या) बारटेंडरने तयार केलं, तेव्हा बायकांनी चारचौघात दारू पिणं बरं दिसत नसे म्हणून ते फळांच्या रसासारखं दिसेल असं केलं असं सांगतात.

तिथल्या एका जेवणाच्या हॉलचं नावच टिफिन रूम आहे आणि तिथे आपल्या हिंदुस्थानी पद्धतीचं जेवण डब्यातून वाढतात. म्हणजे आपला डबा त्यांनी मानाने टेबलावर ठेवला आणि इकडे आपण कळण्याची भाकरी आणि भरीत पाहुण्याला वाढायला लाजतो, त्याला पनीर मागवतो.

पण जे सांगायचंय ते रात्रीचं आहे. खोलीच्या बाहेर लाकडी व्हरांडा, खुर्च्या, समोर अंगण. माय झोपलीच नाही. मी बाहेर आलो तर ती लाकडी कठड्यावरून हात फिरवत बसली होती, तसाच हात पुढे पुढे नेत. मला म्हणाली, "आपला वाडाले बी असाच वटा व्हता ना रे?"

होता. आमच्या गावात आमचा वाडा होता, अकरा खोल्या, सागवानी खांब, वर पांढऱ्या मातीचं धाबं, उन्हाळ्यात बाहेर ४५ डिग्री असलं तरी आत गारवा, चौकात तुळस, भिंतीत देवळ्या, आणि दरवाजा असा की एकट्या माणसाला लोटायचा नाही. माय त्या घरात वयाच्या सतराव्या वर्षी लग्न होऊन आली. भावाभावात वाटण्या झाल्या, धाबं गळायला लागलं, दरवर्षी माती टाकायला माणूस मिळेना, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की पाडायचा. एक बाहेरगावचा लाकडाचा व्यापारी आला, खांब, तुळया आणि तो दरवाजा ट्रकमधे भरून घेऊन गेला, पैसे भावांनी वाटून घेतले. आता त्या जागेवर तीन स्लॅबची घरं आहेत, त्यातलं एक माझं, एप्रिल-मे मधे दुपारी त्यात बसवत नाही. मायने तेव्हा एक शब्द काढला नव्हता. सिंगापुरात काढला.

आणि तो फक्त आमचाच वाडा नाही. चोपडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल, धरणगाव, शिरपूर, तिकडे थेट नंदुरबारपर्यंत कुठेही जुन्या गल्लीत शिरा, एक वाडा उभा असतो आणि दोन पडलेले. इंग्रजांच्या वेळचे डाकबंगले बघा, आमच्या भागातल्या एकाची कौलं जाऊन पत्रे आलेत, आत फुटके कपाट आणि कबुतरं. दरवर्षी पावसाळ्यानंतर एखादी भिंत कमी झालेली असते.

लोक म्हणतात खान्देशात कोण फिरायला येतं. येतात हो. अजिंठ्याला जायचं तर रेल्वेने जळगावला उतरणं जवळ पडतं, तिथून लेणी साठ किलोमीटर, देशोदेशीचे लोक आपल्या स्टेशनवर उतरतात आणि लेणी बघून छत्रपती संभाजीनगरला मुक्कामाला निघून जातात. चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे, तिथे भास्कराचार्यांची आठवण सांगणारा शिलालेख आहे. चाळीसगाव स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस यांचं घर त्यांच्या कलाकृतींसकट जपलेलं आहे, ज्यांनी जपलं त्यांना माझा नमस्कार. अमळनेरला साने गुरुजींची शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ, पारोळ्याचा भुईकोट, नंदुरबारकडे तोरणमाळ. बघायला भरपूर आहे, पण रात्री कुठे रहायचं तर हायवेवरचं लॉज, जे नाशकात असो नाहीतर नागपुरात, आतून सारखंच.

माझं म्हणणं एवढंच की त्या पाहुण्याला वाड्यात राहू द्या. ओट्यावर खाट टाका, चुलीवरचं भरीत, वरण-बट्टी, खापरावरचे मांडे वाढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन गोष्टी सांगू द्या. राजस्थानवाल्यांनी हवेल्यांमधे हेच केलं. मुलाने मला शोधून दाखवलं की केंद्राच्या पर्यटन खात्याच्या हेरिटेज हॉटेल वर्गवारीत १९५० च्या आधीची वास्तू चालते आणि किमान पाच खोल्या लागतात. पाच! आमच्याकडे अकरा होत्या आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पैसा लागतो हे मला मान्य आहे, सागवानी तुळई बदलायची म्हणजे सोपं काम नाही आणि धाबं घालणारे कारागीर आता हाताच्या बोटावर मोजण्याइतके राहिलेत, ते आहेत तोवरच पोरांना शिकवायला पाहिजे. पर्यटन खात्याने आणि जिल्हा परिषदांनी निदान तालुक्यातल्या उभ्या वाड्यांची यादी तरी करावी आणि वाटणीत अडकलेल्या घरांना दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळेल असं काही बघावं, कारण बहुतेक वाडे वाटणीतच मरतात. चार भावात एकाने दुरुस्ती करायची आणि चौघांनी मालक म्हणून बसायचं, मग कोण खिशात हात घालेल?

आणि आपल्याला एक विनंती. पेपरात दर रविवारी एका जुन्या घराचा फोटो छापा, गाव, अंदाजे साल, कोणी बांधलं, आत काय आहे. लोक स्वतःहून फोटो पाठवतील, मी ओळखीच्यांना सांगतो. वाचून एखादा भाऊ पाडायच्या आधी थांबेल.

आमच्या वाड्याचा एक कोरीव खांब व्यापाऱ्याच्या ट्रकमधे मावला नव्हता म्हणून मागे राहिला, तो अजून आमच्या खळ्यात आडवा पडलेला आहे, आणि दरवाजाची कडी मायने पेटीत ठेवली होती हे मला परवाच कळलं. दोन्हीचे फोटो सोबत पाठवतोय, पहिल्या रविवारी हेच छापले तरी चालतील.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव