आतड्याचा जोड : तुलना कशाची, मोजमाप कशाचे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

क्रोन्सच्या आजारात (आतड्याला वारंवार सूज व व्रण आणणारा दीर्घकालीन आजार) आतड्याचा रोगट भाग काढल्यावर उरलेली दोन टोके कशी जोडावीत, याविषयी आता वैद्यकीय वर्तुळाबाहेरही लिहिले जाते, हे चांगलेच आहे. मात्र ‘कोनो-एस’ नावाच्या नव्या जोडाविषयी ‘या जोडाने आजार परतत नाही’ असा मथळा वाचला की माझ्यासारख्या निवृत्त शल्यचिकित्सकाला राहवत नाही. शस्त्रक्रियेने हा आजार मुळातून जात नाही आणि परततो तेव्हा बहुधा जोडावर किंवा त्याच्या किंचित वरच्या लहान आतड्यात परततो, म्हणून तर जोडाचा एवढा खल.

टोकाला टोक हाताने शिवणे ही जुनी रीत. पुढे स्टेपलरने दोन्ही आतडी बाजूला बाजू लावून जोडू लागले. तोंड रुंद राहिले की आजार उशिरा परतेल, अशी अपेक्षा होती. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) मात्र आजार परतण्याच्या प्रमाणात या दोन पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

जपानचे तोरू कोनो यांनी 2003 मध्ये वापरात आणलेल्या ‘कोनो-एस’ जोडामागचा विचार वेगळा आहे. आतड्याला रक्तवाहिन्या पोहोचवणारा चरबीयुक्त पडदा ज्या कडेला चिकटलेला असतो, तिथे व्रण अधिक उमटतात. म्हणून स्टेपलरने बंद केलेली दोन्ही टोके पाठीला पाठ लावून एकमेकांना शिवतात, त्यांचा एक ताठ आधार तयार होतो, आणि मग पडद्याच्या विरुद्ध कडेला दोन्ही आतड्यांवर उभी चीर देऊन ती आडवी शिवतात. जोड रुंद राहतो, मुडपत नाही आणि पडद्यापासून दूर राहतो. हात बसलेल्या सर्जनलाही याला वेळ लागतो.

नेपल्समध्ये 79 रुग्णांवर झालेल्या व 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिले असता कोनो-एस गटात 22.2 टक्के, तर स्टेपलरने बाजूला बाजू जोडलेल्या गटात 62.8 टक्के रुग्णांत आजार परतलेला दिसला. फरक मोठा आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण दुर्बिणीत दिसणारा व्रण म्हणजे रुग्णाची पोटदुखी नव्हे आणि दुसरी शस्त्रक्रिया तर नव्हेच. शिवाय स्टेपलच्या रेषेवरचे बारीक व्रण कधी आजाराचे असतात, तर कधी तिथल्या अपुऱ्या रक्तपुरवठ्याचे; म्हणूनच दुर्बिणीतून दिसणारा परतलेला आजार मोजणाऱ्या रुटगीर्ट्स मोजपट्टीच्या सुधारित रूपात केवळ जोडावरचे व्रण आणि जोडाच्या वरच्या बाजूच्या आतड्यातले व्रण वेगळे नोंदवतात. ही विभागणी न करता केलेली तुलना स्टेपलरवर थोडा अन्याय करू शकते.

जोड कोणताही असो, रुग्णाचे धूम्रपान चालू राहिले तर आजार परतण्याचा धोका वाढतो. आणि रुग्ण कुपोषित असेल, पोटात गळू असेल, स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असेल, तर जोड सुटण्याच्या भीतीने तो त्या दिवशी न करता आतड्याचे तोंड काही काळ पोटावर काढून ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. हा पर्याय तुलनेच्या तक्त्यांत सहसा नसतो. रुग्णाने मात्र तो शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला जरूर विचारावा.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक