लुटुपुटूच्या घोडेस्वारीलाही तंग आवळावा लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत मुलांनी काय करावे, याविषयी आपल्या दैनिकात वरचेवर लिहून येते. त्यात एका खेळाची भर घालावी आणि तो नीट खेळायचा तर काय तयारी लागते तेही सांगावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. इंटरनेटवर लुटुपुटूच्या घोडेस्वारीचे तास भरतात. तेथे घोडा नसतो, मैदानही नसते. शिक्षकाची भूमिका घेतलेली व्यक्ती संदेशातून सूचना देते आणि भाग घेणारी मुले आपण काय केले व आपल्या घोड्याने काय केले, हे लिहून कळवतात. माझी अकरा वर्षांची नात गेल्या दिवाळीपासून अशा एका वर्गाला बसते आणि तिच्या शेजारी बसून मीही तो पाहत आले आहे. घोडा खोटा असला, तरी त्याची निगा, त्याचा स्वभाव आणि मैदानाचे नियम खरे मानले तरच या तासाला रंग चढतो, अशी माझी खात्री झाली आहे.

माझे वडील नाशिक रोड स्थानक ते पंचवटी असा टांगा चालवीत. खोगिरावर मी फारशी बसले नाही, पण घोड्याच्या सहवासात वाढले. पहाटे खरारा करताना वडील त्याच्याशी बोलत असत आणि आम्हा भावंडांना त्याच्या मागून कधीही जाऊ देत नसत. घोड्याला थेट पाठीमागचे आणि नाकासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे लागते. ऑनलाइन तासातले मुलाचे पहिले वाक्य असे असावे. पहिल्याच ओळीत घोड्यावर उडी मारणाऱ्या मुलाला पुढे लिहायला काही उरत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. नातीच्या पहिल्या तासाला शिक्षिकेने ‘घोड्याजवळ जा आणि तंग तपासा’ एवढेच सांगितले होते. तंग म्हणजे खोगीर जागेवर राहावे म्हणून घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा. नातीने एका दमात लिहून टाकले की ती घोड्यावर बसली, भरधाव सुटली, भिंत ओलांडली आणि पहिली आली. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही, कारण बाकीच्या चार मुली आपापला तंग आवळण्यात गुंतल्या होत्या. शिक्षिकेने नंतर तिला गोडीत समजावले, पण तोवर पोरीचे डोळे भरून आले होते.

त्या संध्याकाळी आम्ही दिवाणावरचा मोठा लोड दोन स्टुलांवर आडवा बांधला, ओढणीचा लगाम केला आणि जुन्या कमरपट्ट्याचा तंग. साज चढवताना वडिलांचा घोडा हमखास पोट फुगवून उभा राहायचा. त्याला चार पावले चालवले की पट्टा सैल पडायचा आणि पुन्हा आवळावा लागायचा. हे मी नातीला सांगितले. पुढच्या तासाला तिने लिहिले, ‘तंग आवळला, पण तो पोट फुगवून उभा आहे. थोडे चालवून पुन्हा आवळते.’ शिक्षिकेचे उत्तर आले, ‘बरोबर. सगळ्यांनी आपापला तंग पुन्हा पाहा.’ त्या दिवशी तिचा घोडा मैदानात पोहोचलाच नाही, तरी ती तासभर खुशीत होती.

तासाला बसण्याआधी घोडा नीट ठरवून वहीत लिहून ठेवावा आणि मग बदलू नये. त्याची उंची ‘हात’ या मापात सांगतात. एक हात म्हणजे 4 इंच, आणि ही उंची डोक्यापर्यंत नव्हे, तर मान जेथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. मारवाडी घोडा निवडला, तर त्याचे कान आत वळून टोकांशी एकमेकांना टेकतात, हे वर्णनात यायला हवे. आपल्या भीमा नदीकाठची भीमथडी तट्टे उंचीने बेताची, पण काटक. मराठी मुलांनी हा घोडा अवश्य निवडावा. त्याला एखादी खोडही द्यावी. नातीचे तट्टू पाण्याच्या डबक्याला बिचकते आणि त्या एका खोडीवर तिचे कितीतरी तास रंगले आहेत.

चालींचा सराव कानाने करावा. वॉकमध्ये चार पाय चार वेगळ्या वेळी टेकतात, ट्रॉटमध्ये, म्हणजे आपल्या दुडक्या चालीत, कर्णरेषेवरचे दोन-दोन पाय एकदम टेकतात, तर कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, तीन ठोके पडतात आणि मग क्षणभर चारही पाय हवेत असतात. हे ठोके बोटांनी टेबलावर वाजवून पाहावेत. दुडक्या चालीत स्वार एका ठोक्याला उठतो आणि पुढच्या ठोक्याला बसतो. लोडावर पाय खाली टेकवून दोन मिनिटे तसे केले, तरी मांड्या भरून येतात आणि मग वर्णन आपोआप खरे उतरते. शिक्षकाने ‘वॉक’ सांगितले असताना ‘कँटर’ लिहिणे हा सर्वांत नेहमीचा दोष आहे. थांबलेल्या घोड्याला आधी चालवावे, मग दुडकवावे; थांबवतानाही वेग पायरीपायरीने कमी करावा.

भांडणे होतात ती मात्र मैदानात. पाच मुली एकाच वेळी लिहीत असल्या, की कोणाचा घोडा कोठे आहे हे कोणालाच कळत नाही. यावर आम्ही रांगोळीचा उपाय काढला. ड्रेसाज म्हणजे घोड्याला ठरलेल्या चाली अचूक चालवून दाखवण्याचा क्रीडाप्रकार. त्याचे लहान मैदान 20 मीटर रुंद आणि 40 मीटर लांब असते आणि त्याच्या कडेला ठरलेली अक्षरे असतात. गॅलरीत 2 फूट गुणिले 4 फुटांची चौकट काढली, म्हणजे एका फुटाला 10 मीटर पडले. आखूड बाजूच्या मध्यावर ए आणि तेथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने के, ई, एच, सी, एम, बी, एफ. प्रत्येक मुलीच्या घोड्यासाठी वेगळ्या रंगाचे बटण. शिक्षिकेने ‘ई पासून दुडकी’ म्हटले, की नात आधी बटण सरकवते आणि मगच लिहिते. समोरासमोर येणाऱ्या स्वारांनी एकमेकांना डाव्या हाताला ठेवून जावे आणि पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याच्या लांबीचे अंतर राखावे, हे खऱ्या मैदानातले नियम येथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. त्याला आम्ही घरचा एक नियम जोडला आहे: दुसऱ्याच्या घोड्याने काय केले ते आपण लिहायचे नाही. ‘माझा घोडा तुझ्या घोड्याजवळून गेला’ इतके चालेल. ‘तुझा घोडा घाबरून पळाला’ हे चालणार नाही, ते तिचे तिने ठरवायचे.

एका सूचनेला एकच उत्तर द्यावे, आणि ते दोन-तीन वाक्यांचे असावे. कोणी पडल्याचे लिहिले, तर सर्वांनी आपले घोडे थांबवावेत.

पालकांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते. मुलाचे खरे नाव, शाळा, राहण्याचा भाग आणि छायाचित्र या वर्गात जाऊ देऊ नये. घोड्याचे नाव पुरेसे असते. शिक्षक म्हणवणाऱ्या व्यक्तीने मुलाशी स्वतंत्रपणे बोलण्याचा आग्रह धरला, तर तो वर्ग त्याच दिवशी सोडावा. खोट्या खोगिरासाठी खरे पैसे मागितले जात असतील, तर पालकांना विचारल्याशिवाय व्यवहार होणार नाही, अशी व्यवस्था फोनमध्ये करून ठेवावी. आर्थिक फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.

याने काय साधते, असे आमच्या सोसायटीतले लोक विचारतात. प्राचीन रोमन सैन्यात नवशिक्यांना आधी लाकडी घोड्यांवर चढण्या-उतरण्याचा सराव देत असत. तेव्हा खोट्या घोड्यापासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. मात्र याला घोडेस्वारी समजण्याची चूक कोणी करू नये. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या चार तरुण स्वारांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्णपदक मिळवले, ते खऱ्या घोड्यांवर वर्षानुवर्षे घाम गाळून. आपल्या नाशिकमध्ये भोसला सैनिकी शाळेत घोडेस्वारी शिकवली जाते. पण प्रत्येक घराला तशी संधी आणि तो खर्च जमतोच असे नाही, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या मुलांना घोडा निदान समजावा, असे मला मनापासून वाटते.

मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला वेण्णा तलावावर गेलो होतो. इतर मुले घोडा दिसताच धावत सुटली. नात त्याच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली, घोडेवाल्या काकांना त्याचे नाव विचारले आणि बसण्याआधी वाकून म्हणाली, “काका, तंग सैल वाटतोय.” त्यांनी हात लावून पाहिला आणि एक भोक वर घेतला.

रांगोळीच्या मैदानाचा आराखडा सोबत जोडला आहे. मुलांच्या पानावर जागा असेल, तर तो अक्षरांसह छापावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक