माझ्या नकाशावर पेन्सिल चालवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी मैत्रिणींनी डोंगरातून आणि दाट जंगलातून जाणारा, सहा जुन्या गावांना जोडणारा चार दिवसांचा सायकल प्रवास पूर्ण केला. एकूण अंतर 214 किलोमीटर भरले आणि एकूण चढ सुमारे 3,900 मीटर. नकाशा हाती देताना आपण एवढेच म्हणालात की आभार नकोत, नकाशा तेवढा परत करा. नकाशा परत करते आहे, पण त्यासोबत हे पत्रही आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण आपण मला जे शिकवलेत ते मार्ग आखायला बसलेल्या कुणालाही उपयोगी पडेल, आणि ते कुणाकडून मिळाले हे न सांगता वापरत राहणे मला पटत नाही. आपले नाव मात्र लिहीत नाही. ती आपलीच अट होती.

आपली भेट झाली तेव्हा मी सायकल विकायच्या विचारात होते, हे मी तेव्हा आपल्याला सांगितले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी मी एकटीने असाच एक प्रवास आखला होता. फोनवरच्या नकाशाने दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढून दिला, मी त्यावर विश्वास ठेवला, आणि दुपारनंतर तो रस्ता लाकूडतोडीच्या कच्च्या वाटेत आणि पुढे पायवाटेत विरून गेला. भरलेल्या पिशव्यांसह सायकल ढकलत, कधी उचलत, मी रात्री गावात पोहोचले. दुसऱ्या दिवशी पुढे जायची उमेद राहिली नाही. दोष माझ्या पायांचा आहे, असे मी तेव्हा धरून चालले होते. आपण माझी नवी आखणी पाहिलीत, चष्मा वर सरकवलात आणि म्हणालात, "पायांचे नंतर बघू. आधी रेषा वाचायला शिका."

ती संध्याकाळ मला तपशिलासह आठवते. आपण 1:50,000 प्रमाणाचा कागदी नकाशा टेबलावर पसरलात. या प्रमाणात 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर, आणि त्या नकाशावर लगतच्या दोन समोच्चरेषांमधला, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधला, फरक 20 मीटर उंचीचा होता. मी आखलेला रस्ता एका ठिकाणी जेमतेम 1 सेंटीमीटरमध्ये चार रेषा ओलांडत होता. अर्ध्या किलोमीटरमध्ये 80 मीटर, म्हणजे 16 टक्क्यांचा चढ. फोन त्याच तुकड्याला 7 टक्के म्हणत होता. असे का होते, हेही आपण समजावून सांगितलेत. अशा नकाशांमागची उंचीची माहिती बऱ्याचदा फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीतून आलेली असते. तिच्यातला एकेक बिंदू 30 ते 90 मीटरच्या चौकोनाची सरासरी सांगतो, आणि दाट जंगलात रडारचा बराचसा परावर्तित झोत जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांकडूनच परत येतो. त्यामुळे अरुंद दरीतले छोटे, तीव्र चढ त्या आलेखात गुळगुळीत होऊन जातात. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते, आणि आदल्या वर्षीच्या त्या रात्रीचा दोष माझ्या पायांवरून उतरला तो याच क्षणी.

मग आपण पेन्सिल घेतलीत. माझी सरळ रेषा खोडून जुन्या रस्त्याची वळणावळणाची रेषा गडद केलीत. ओझ्याची जनावरे आणि गाड्या ज्या रस्त्याने शेकडो वर्षे गेल्या, तो रस्ता समोच्चरेषांच्या कलाने जातो, कारण दमलेले जनावर थेट चढत नाही. नवा रस्ता मात्र इंजिनाच्या भरवशावर डोंगर कापत सरळ वर चढतो, असे आपण म्हणालात. पहिल्या दिवसाचे अंतर त्यामुळे 46 वरून 57 किलोमीटर झाले आणि चढ जवळपास 400 मीटरने कमी झाला. तिसऱ्या दिवशी आपण आम्हाला 18 किलोमीटर बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जुन्या मागावर नेलेत. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या मार्गाचा चढ सहसा 2 टक्क्यांच्या पुढे जात नाही, हे मी आपल्याकडून ऐकले होते. पण दोन बाजूंना उंच झाडी, मध्ये एकसारखी चढत जाणारी वाट आणि एकदाही गिअर न बदलता तासाभराहून अधिक चाललेले पाय, हा अनुभव आल्यावर त्या आकड्याचा अर्थ कळला.

गिअरच्या बाबतीत आपण माझ्याशी जरा कडक बोललात, आणि त्याचे मला आज विशेष आभार मानायचे आहेत. मी, सायकल आणि सामान मिळून वजन साधारण 100 किलो. 8 टक्क्यांच्या चढावर एवढे वजन ताशी 6 किलोमीटरने वर न्यायचे तर सुमारे 150 वॉट ताकद लागते, आणि माझ्यासारख्या सामान्य व्यक्तीने दिवसभर टिकवायची असेल तर ही ताकद कमी नाही. त्या वेगाने मिनिटाला 100 मीटर अंतर कापले जाते. माझ्या सायकलवर पुढे 34 आणि मागे 28 दात्यांची सर्वांत हलकी जोडी होती. चाकाचा घेर 2.2 मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.7 मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला फक्त 37 फेरे. इतक्या हळू, दाबून फेरे मारल्यानेच माझे गुडघे दुखत होते. आपण कागदाच्या कोपऱ्यात पुढे 26 आणि मागे 34 असे दोन आकडे लिहून दिलेत. ती जोडी बसवल्यावर त्याच चढावर, त्याच वेगाने मिनिटाला 60 फेरे पडू लागले. माणूस तोच, डोंगर तोच, आणि गुडघे चार दिवसांत एकदाही कुरकुरले नाहीत.

त्या वेळी आपण पॉल द व्हिव्ही यांची गोष्ट सांगितलीत. 1853 मध्ये जन्मलेला, फ्रान्समधल्या सँत एत्येन शहरात राहणारा हा माणूस 'व्हेलोसिओ' या नावाने लिहीत असे आणि डोंगरात फिरणाऱ्याला अनेक गिअर हवेतच, हा आग्रह त्याने 1930 मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. शर्यतीच्या जगाला गिअर बदलण्याची सोय दुबळेपणाची वाटत होती. तूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीत डीरेलरला, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती 1937 मध्ये. हलका गिअर लावताना मलाही आतून थोडी लाज वाटत होती, हे आपल्या लक्षात आले असावे, म्हणूनच आपण ही गोष्ट काढलीत असे मला वाटते. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, हा व्हेलोसिओचा नियम आपण नकाशाच्या मागच्या बाजूला लिहून दिलात, आणि आम्ही तो तंतोतंत पाळला.

उतारांबद्दल आपण फार थोडे बोललात, पण नकाशावरच्या लाल खुणा बहुतेक उतारांवरच होत्या. 100 किलो वजन 300 मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास 294 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, पाऊण लिटर गार पाणी उकळायला पुरून उरेल इतकी. सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत ती बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते. माझ्या सायकलचे ब्रेक चाकाच्या कड्यावर दाबणारे. ब्रेक सतत धरून ठेवू नका, वळणाआधी जोरात दाबा आणि मग सोडा, मध्ये थांबून कडे गार होऊ द्या, असे आपण सांगितले होते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या उतारावर थांबून मी बोटाची मागची बाजू कड्याजवळ नेली आणि स्पर्श होण्याआधीच मागे घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुके होते. 128व्या किलोमीटरपाशी, डोंगराच्या उत्तर उतारावर, आपण लाल पेन्सिलीने एक छोटे वर्तुळ काढून शेजारी लिहिले होते: "येथे उतरून चालावे." रस्ता रुंद दिसत होता, उतार फारसा नव्हता, आणि मैत्रीण म्हणाली की इथे कशाला उतरायचे. तरीही आपण लिहिले आहे म्हणून आम्ही उतरलो. वळण घेतल्यावर झाडांची कमान इतकी दाट झाली की खाली ऊन कधी पोहोचतच नसावे. रस्ताभर कुजलेल्या पानांचा ओला थर होता, वरून तपकिरी, कोरडा भासणारा. माझा बूट त्यावर पडला आणि वीतभर पुढे घसरला. सायकलला टेकून मी सावरले. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कठडा नव्हता. काका, त्या वर्तुळाबद्दल आभार मानायला मला शब्द अपुरे पडतात. आपण त्या वळणावर किती वर्षांपूर्वी गेला होतात, कुणास ठाऊक. पण ते आठवणीत ठेवून अनोळखी व्यक्तीच्या नकाशावर उतरवण्याइतकी काळजी आपण घेतलीत.

गावांबद्दलही आपल्या सूचना होत्या आणि त्या मला सर्वांत प्रिय आहेत. जुने गाव जिथे वसले आहे तिथे ते का वसले, हे आधी नकाशावर शोधा, मग गावात शिरा, असे आपण म्हणाला होतात. त्यामुळे प्रत्येक गावाआधी आम्ही थांबून शोधत होतो: इथे नदी उथळ होते, इथे खिंडीच्या पायथ्याशी दोन वाटा मिळतात, इथे कड्याखालून झरा निघतो. वेशीतून आत जाताना सायकलवरून उतरायचे, ओल्या फरसबंदीवर दगडांच्या फटींना शक्यतो काटकोनात चाक न्यायचे, आणि भरलेली सायकल जुन्या भिंतीला कधीही टेकवायची नाही, हे सगळे आपण लिहून दिले होते. शेवटच्या सूचनेचे कारण मला पाचव्या गावात दिसले. एका दगडी दाराच्या चौकटीशेजारी चुन्याच्या गिलाव्यावर कमरेच्या उंचीला आडव्या ओरखड्यांची रांग होती, काही ताज्या, पांढऱ्या. हँडलच्या टोकाची उंची बरोबर तेवढीच. आम्ही आमच्या सायकली चौकाच्या मध्यभागी स्टँडवर उभ्या केल्या.

दुपारी 3 नंतर नवा चढ सुरू करायचा नाही, हा आपला नियम मला आधी अतिसावध वाटला होता. दरीत सूर्य कड्याआड लवकर जातो आणि जंगलात त्याहूनही आधी अंधारते, हे पहिल्याच दिवशी दिसले. चारही दिवस आम्ही उजेडात मुक्कामी पोहोचलो, आणि म्हणून गावे पाहायला, तिथल्या माणसांशी बोलायला वेळ मिळाला. सायकल विकण्याचा विषय आता माझ्या मनात नाही.

नकाशा या पत्रासोबत आहे. आपल्या खुणा जशाच्या तशा ठेवल्या आहेत. घडीवर थोडा फाटला होता, तिथे मागून पारदर्शक पट्टी लावली आहे. एक खूण मात्र मी वाढवली आहे, त्याबद्दल क्षमस्व. शेवटच्या दिवशीच्या 41व्या किलोमीटरवर आपण निळ्या पेन्सिलीने झरा दाखवला आहे. आम्ही गेलो तेव्हा तो आटलेला होता. आधीच्या गावात बाटल्या भरून घ्या, असे आपण लिहिले होते म्हणून आमचे अडले नाही. पुढचे पाणी 44व्या किलोमीटरवर, छोट्या पुलाच्या डाव्या हाताला आहे. तिथे मी निळे वर्तुळ काढून महिना आणि वर्ष लिहिले आहे.

आपली ऋणी,
आपल्या नकाशावरून गेलेली एक सायकलस्वार