मोठ्या इंजिनाची ऑर्डर देण्याआधी

संपादक महोदय,

मसल कार (ताकदवान इंजिनाची जुनी गाडी) म्हटली की मोठेच इंजिन हवे, हे गोव्यातल्या हौशी मंडळींच्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की पत्र्याचा गंज खरवडून व्हायच्या आधीच व्ही-एटची (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) चौकशी सुरू होते. जुन्या गाड्यांवर रोज हात काळे करणारे म्हणून याबद्दल थोडे लिहावेसे वाटते. रेडिएटर, गिअरबॉक्स, ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल आणि आरसी बुक या सगळ्यांना झेपेल तेच इंजिन निवडावे. आपल्या रस्त्यांसाठी ते बहुतेक वेळा लहानच निघते.

मुळात ‘स्मॉल ब्लॉक’ आणि ‘बिग ब्लॉक’ हा फरक सीसीचा नाही, ओतीव ब्लॉकच्या आकाराचा आहे. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये एका सिलिंडरच्या मध्यापासून शेजारच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंत ४.४ इंच अंतर असते, बिग ब्लॉकमध्ये ४.८४ इंच. त्यामुळे ४०० घनइंचांचे, म्हणजे ६.६ लिटरचे इंजिन स्मॉल ब्लॉक ठरते आणि ३९६ घनइंचांचे बिग ब्लॉक. दोघांच्या वजनात जवळपास ५० किलोचा फरक आहे आणि तो बहुतेक सगळा पुढच्या चाकांवर येतो. स्प्रिंगा बसतात, स्टिअरिंग जड होते, वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ लागते. चोर्ला किंवा अनमोड घाटात हे लगेच कळते. आतल्या गावच्या रस्त्यावर समोरून कदंबाची बस आली आणि एक चाक गटाराच्या काठावर घ्यावे लागले की आणखी कळते.

जागेचा प्रश्न तर कंपन्यांनाही सुटला नव्हता. १९६४ ते ६६ च्या मस्टँगमध्ये दोन्ही शॉक टॉवरच्या (शॉक अॅब्सॉर्बर धरणाऱ्या पत्र्याच्या उंचवट्यांच्या) मध्ये बिग ब्लॉक मावत नाही. १९६७ साली फोर्डने पुढचा भाग रुंद केला, तेव्हा कुठे ३९० घनइंचांचे इंजिन बसले. त्याच वर्षी प्लिमथच्या बाराकुडात ३८३ घनइंचांचे कोंबले, तर पॉवर स्टिअरिंगला जागा उरली नाही. कंपनीच्या इंजिनिअरांना जे जमले नाही ते शेडमध्ये ग्राइंडर घेऊन जमवायला जाऊ नये.

अश्वशक्तीचे आकडे वाचतानाही जपायला हवे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर न लावता मोजलेला ‘ग्रॉस’ आकडा छापत; पुढच्या वर्षी ‘नेट’ आकडा आला. शेवरोले कॉर्व्हेटचे एलटी-१ हे ३५० घनइंचांचे स्मॉल ब्लॉक इंजिन १९७१ च्या पत्रकात ३३० अश्वशक्तीचे आहे आणि १९७२ च्या पत्रकात २५५ चे. इंजिन तेच. तेव्हा जुन्या बिग ब्लॉकचा आकडा आजच्या इंजिनाशेजारी ठेवून हुरळण्यात अर्थ नाही.

ताकद हवीच असेल, तर स्मॉल ब्लॉकमध्येच स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) वाढवता येतो. ३५० चा बोर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच असतो. बोर तीस थाऊने (०.०३० इंचाने) वाढवून ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) घातला की ३८३ घनइंच, म्हणजे ६.३ लिटर होतात आणि वजन जवळपास तेवढेच राहते. यात चुका मात्र ठरलेल्या. ४०० चा मूळ क्रँक वापरायचा तर त्याचे मेन जर्नल (ब्लॉकमध्ये बसणारे गोल भाग) २.६५ इंचांचे, ३५० च्या ब्लॉकला लागतात २.४५ चे, टर्नरकडून ते उतरवून घ्यावे लागतात. तो क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, म्हणून पुढचा डॅम्पर (थरथर शोषणारी चकती) आणि मागचा फ्लायव्हील किंवा फ्लेक्सप्लेटही ४०० चाच हवा. ३५० चा जुना लावला तर गाडी पहिल्याच दिवशी थरथरते आणि दोष इंजिन माउंटिंगला दिला जातो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि कॅमशाफ्टला घासतात का, हे क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून, प्रत्येक सिलिंडरपाशी थांबून बघावे. सगळीकडे किमान दीड मिलिमीटर फट हवी.

४०० चा ब्लॉकच घेतला तर वेगळी खोड. त्यात शेजारचे सिलिंडर एकमेकांना जोडून ओतलेले असतात, मध्ये पाणी फिरत नाही. वाफ वर जाण्यासाठी ब्लॉकला बारीक भोके असतात, ३५० च्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) ती नसतात. ४०० चे गॅस्केट हेडवर ठेवून, त्यातून खूण करून, १/८ इंचाच्या ड्रिलने ती पाडून घ्यावी लागतात. हे विसरले की वाफ अडकते, हेड तापते, गॅस्केट जाते. मग मेस्त रेडिएटर बदलतो, थर्मोस्टॅट काढून टाकतो, आणि गाडी पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा उकळते.

आपल्याकडे मोठ्या इंजिनाला गाठते ती उष्णता. लहान इंजिनाचा रेडिएटर मोठ्याला पुरत नाही, आणि पंख्याभोवतीचा श्राउड (हवा वळवणारे कडे) नसेल तर गाडी उभी असताना हवा खेचलीच जात नाही. पंख्याची पाती साधारण अर्धी श्राउडच्या आत असावीत. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये (रबरी नळीत) आतून स्प्रिंग नसेल तर जास्त आरपीएमवर होज चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद. कूलंट अर्धे-अर्धे घालण्याची सवय थंड देशांतली. इथे काही गोठत नाही; ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर पुरते आणि उष्णता जास्त वाहून नेते. विहिरीचे पाणी घालू नये.

पेट्रोलचेही तसेच. १९७० च्या आसपासच्या तडफदार इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते) १०.५ किंवा ११ असे, तेही त्या काळच्या शिसेयुक्त जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर. बिडाचे हेड असेल तर ९ ते ९.५ वर थांबावे आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्यावे. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ऑक्टेन वाढतो ही जमेची बाजू, पण तेवढ्याच हवेला निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागते. कार्ब्युरेटरच्या जेटमधला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीतला) प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून व्यास ४ टक्केच वाढवायचा: १.५० मिमीचा मेन जेट असेल तर १.५६. तसाच ठेवला तर प्लग पांढरे पडतात आणि इंजिन आणखी तापते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घालावेत, हे सांगायला नकोच.

गोव्यात मस्टँग किती असणार! आपली मसल कार म्हणजे कॉन्टेसा. ती व्हॉक्सहॉलच्या व्हिक्टर एफई मालिकेवरून आली. इंग्लंडमध्ये याच बॉडीत व्हेंटोरा नावाने ३.३ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसत असे, म्हणून बॉनेटखाली एवढी मोकळी जागा. १९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने त्या जागेत १४८९ सीसीचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे बीएमसी इंजिन ठेवले. एवढ्या अवजड गाडीला ते खरोखर अपुरे आहे, इथे लहान इंजिनाची बाजू आम्हीही घेणार नाही. पण नंतर आलेले १८१७ सीसीचे इसुझू पेट्रोल, सुमारे ८५ अश्वशक्तीचे, त्याच्या पाच गिअरच्या बॉक्ससह बसवले की गाडी घाटात दम टाकत नाही आणि मागचा अ‍ॅक्सलही तगतो.

तरीही सहा सिलिंडरचे जपानी इंजिन घालायचेच असेल, तर आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिन माउंटिंगजवळचे साइड मेंबर (गाडीच्या लांबीत जाणाऱ्या पत्र्याच्या तुळया) टोचून बघा. खाऱ्या हवेत ते आतून खातात. रंग शाबूत आणि आत पापुद्रे. तिथे जादा टॉर्क आला की चीर पडते. मग रिकामा ब्लॉक जागेवर लटकवून ऑइल संपचा (तळाच्या तेलाच्या भांड्याचा) खोल भाग क्रॉसमेंबरला (आडव्या तुळईला) लागतो का ते तपासा. बॉनेटची उंची बघायला मुलांच्या खेळायच्या मातीचे गोळे एअर क्लीनरवर ठेवून बॉनेट हळूच बंद करा. गोळा २० मिमीपेक्षा पातळ दबला तर इंजिन रबरावर हलताना पत्र्याला लागणारच. प्रोपेलर शाफ्टचे पुढचे आणि मागचे कोन सारखे आणि एकमेकांच्या उलट, १ ते ३ अंशांच्या आत हवेत. नाहीतर ठरावीक वेगाला गुरगुर येते आणि शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस लवकर जातात.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेला तपशील आरसीशी विसंगत होईल असा फेरफार चालत नाही. कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस आधी इंजिन नंबर बघतो. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, तो चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठतील.

म्हणून मूळ इंजिन खरेच संपले आहे का, हे आधी तपासावे. इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी भरलेली हवी, आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाच-सहा फेऱ्यांत मोजा. सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, चढला नाही तर व्हॉल्व्ह. दोन्ही कामे नव्या इंजिनापेक्षा स्वस्त पडतात.

काढायचेच ठरले तर मूळ इंजिन भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येक प्लगच्या भोकातून १५-२० मिली इंजिन ऑइल सोडा, प्लग परत लावा, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे तेलकट फडक्याने बुजवा. इंजिन जमिनीवर न ठेवता लाकडी घोडीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा क्रँक पाव फेरा फिरवा. एका पावसाळ्यात रिंगा भिंतीला चिकटतात.

– जुन्या गाड्यांचे काम करणारे दोघे मेस्त, म्हापसा