पट्टीचा रंग नॉर्मल आला म्हणून थांबू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या आरोग्य पुरवणीत घरच्या घरी करायच्या टेस्ट्सबद्दल येतं ते मी नेहमी वाचते, म्हणून योनीमार्गाच्या पीएच टेस्टबद्दल हे मुद्दाम लिहितेय. पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आम्लपणा जास्त.

मागे मला आठ-दहा दिवस खाज आणि जळजळ होत होती, अक्षरशः एका जागी बसवत नव्हतं, पण डॉक्टरकडे जाऊन सांगायची लाज वाटली म्हणून टेस्ट किट मागवलं. बाथरूममध्ये पट्टी आत टेकवली, काही सेकंदांनी बाहेर काढून उजेडात धरली तर रंग पिवळाच, तक्त्यावरच्या 4 च्या चौकटीशी अगदी जुळणारा. मला इतकं हायसं वाटलं की पुढचे दोन आठवडे मी काहीच केलं नाही, खाज वाढत गेली, रात्र रात्र झोप नाही, लघवी करताना झोंबायला लागलं तेव्हा कुठे तपासायला गेले आणि निघालं काय तर फंगल इन्फेक्शन! डॉक्टर म्हणाल्या की यात पीएच बहुतेक वेळा नॉर्मलच राहतो. पट्टीनं बरोबरच दाखवलं होतं, अर्थ मी भलताच काढला.

पाळी येण्याच्या वयात योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्यामुळे तिथला पीएच साधारण 3.8 ते 4.5 राहतो. हे जंतू कमी होऊन दुसऱ्यांची गर्दी झाली की बॅक्टेरिअल व्हजायनोसिस होतो, मग पीएच 4.5 च्या वर जातो, अंगावरून पातळ करडट पांढरं जातं, मासळीसारखा वास येतो. ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीच्या इन्फेक्शनमध्येही पीएच बहुतेकदा वरच जातो, आणि त्यात जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. म्हणजे पट्टी फक्त आम्लपणा सांगते, रोगाचं नाव नाही. क्लॅमिडिया, गोनोरिया, हर्पिस, एचआयव्ही यातलं काहीच तिला कळत नाही.

आणि आकडा वर आला म्हणजे इन्फेक्शनच असंही नाही हं. पाळीचं रक्त लागलं, आदल्या रात्री संबंध आला असेल, आत धुतलं असेल किंवा औषध ठेवलं असेल तरी आकडा बदलतो, आणि पाळी गेलेल्या बायकांचा तर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्यामुळे एरवीही वरच असतो. माझ्या एका मैत्रिणीने लघवी तपासायच्या पट्ट्या वापरल्या, त्यांचं माप सुरूच 5 पासून होतं, मग 4.5 च्या खाली की वर ते दिसणार कसं?

तरी टेस्ट फालतू आहे असं मी म्हणणार नाही. खाज किंवा पांढरं जायला लागलं की आपण सरळ फंगसचं क्रीम आणतो, पण 2002 च्या एका अभ्यासात असं स्वतःहून औषध घेणाऱ्या बायकांपैकी जेमतेम एक तृतीयांशांनाच खरं यीस्ट, म्हणजे हेच फंगल इन्फेक्शन निघालं होतं. वास येतोय आणि आकडाही वर आहे तर ते क्रीम बहुतेक उपयोगाचं नाही, औषध वेगळं लागणार, इतकं तरी पट्टीवरून लक्षात येतं आणि मग डॉक्टरकडे जायला उशीर होत नाही. मात्र प्रेग्नन्सी असेल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल तर पट्टीच्या नादी लागूच नये, सरळ दवाखाना गाठावा.

माझी विनंती एवढीच, की हे सगळं पुरवणीत एकदा ठळक छापा, आणि छापताना 'अंगावरून पांढरं जाणं', 'खाज', 'वास' हेच शब्द वापरा. 'स्त्रियांच्या नाजूक समस्या' असं मोघम शीर्षक दिलं तर जिला रात्री खाजेनं झोप लागत नाहीये तिला ते आपल्याबद्दल आहे हे कळणारच नाही.

आपली,
एक नियमित वाचक