सेलमच्या दिवसाबद्दल तक्रार: पैसे परत करा, आणि आधी तो फोटो काढा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग,

विषय: अमेरिका ईस्ट कोस्ट फॉल कलर्स टूर, सेलम शहर, शनिवार २५ ऑक्टोबर २०२५

सप्रेम नमस्कार,

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही दोघी तुमच्या नाशिकच्या ऑफिसमधून बुकिंग करून या टूरला आलो होतो. बाकीची टूर बरी झाली, नायगारा मनासारखा बघायला मिळाला, हॉटेलं स्वच्छ होती, हे आधीच सांगते म्हणजे ही बाई उगाच खुसपट काढतेय असं वाटायला नको. माझी तक्रार फक्त एका दिवसाची आहे, पण मी टूर घेतलीच त्या एका दिवसासाठी, सेलमला १६९२ साली चेटकाचा आळ घेऊन खटले चालवून मारलेल्या माणसांचं स्मारक बघायला, आणि हे बुकिंग करताना तुमच्या मॅडमना मी दोनदा सांगितलं होतं, त्यांनी पेनाने आयटिनररीवर गोल करून दिला होता, "सेलम, स्मारक, कॉर्विन हाऊस, लोकल गाइड". तो कागद अजून माझ्याकडे आहे, फोटो सोबत जोडलाय.

आधी तारखेचं बोलते. छापील आयटिनररीत सेलम बुधवारी होतं. बोस्टनला पोचल्यावर आदल्या रात्री टूर मॅनेजरने व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की उद्या शनिवारी सेलम करतोय, हॅलोवीनचा माहोल मिळेल, मजा येईल. कुणाला विचारलं नाही, कारण सांगितलं नाही. अहो ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार! हॅलोवीन म्हणजे तिकडचा ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांची सोंगं घ्यायचा सण. गावाची वस्ती चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, आणि गेली काही वर्षं एकट्या ऑक्टोबर महिन्यात तिथे दहा लाखांवर माणसं येतात, हे गाव स्वतःच सांगतं, गाड्या आणू नका, ट्रेनने या नाहीतर बोस्टनहून फेरीबोट आहे तिने या असं महिनाभर सांगत असतं. मला हे घरी बसून मोबाईलवर कळलं तर तुम्हाला का कळू नये, तुमचा तर धंदाच तो आहे. आमच्या नाशिकच्या माणसाला विचारा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला कुणी पाहुण्यांना मोठी बस करून ऐनवेळी त्र्यंबकला नेईल का?

दहाला निघालो. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सेलमला ट्रेनने अर्धा तास लागतो, आम्ही त्या बसमध्ये सव्वातीन तास बसून होतो, त्यातले दोन तास तर गाव समोर दिसतंय आणि बस हलत नाही असे. पार्किंगची काहीच सोय केलेली नव्हती, ड्रायव्हरला पोलिसांनी दोनदा पुढे काढलं, शेवटी कुठल्यातरी दुकानाच्या बाहेर उतरवलं आणि तिथून पंचवीस मिनिटं चालत जायचं होतं. जाऊबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघ्याचं दुखणं आहे हे फॉर्ममध्ये लिहिलेलं आहे. त्यांना मी हाताला धरून नेलं. टॉयलेटसाठी रस्त्यावर ठेवलेल्या केबिन होत्या, त्यांच्यापुढे पाऊण तासाची रांग. बसमध्येच साडेबाराला देऊ म्हटलेलं पाकीटबंद जेवण बसमध्ये चढवायचंच राहिलं होतं. हे सगळं सहन झालं असतं, प्रवासात होतं असं.

कॉर्विन हाऊसची तिकिटं काढलेलीच नव्हती. ज्या न्यायाधीशाने त्या लोकांची चौकशी केली त्या जोनाथन कॉर्विनचं ते घर, त्या खटल्यांशी थेट संबंध असलेली सेलम शहरात आज उभी अशी तेवढी एकच इमारत, आणि गर्दीच्या दिवसात तिथे आधी वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. आम्हाला रस्त्याच्या पलीकडून "हे बघा, फोटो काढून घ्या" असं झालं. लोकल गाइड तर आलाच नाही, त्याऐवजी टूर मॅनेजर माइकवरून सांगत होते. त्यांचं वय लहान आहे, स्वभावाने चांगला मुलगा आहे, बॅगा उचलायला पुढे यायचा, त्याची नोकरी जावी असं मला अजिबात नको. पण त्याने बसमध्ये जे सांगितलं ते चूक होतं आणि ते तुमच्या ब्रोशरमधून वाचून सांगितलेलं होतं म्हणून तुम्हाला लिहितेय.

ब्रोशरमध्ये लिहिलंय की या गावात तीनशे वर्षांपूर्वी चेटकिणींना जिवंत जाळलं आणि त्या याच दफनभूमीत पुरल्या आहेत. सेलममध्ये एकालाही जाळलेलं नाही. १६९२ साली एकोणीस जणांना फाशी दिली, त्यात चौदा बायका आणि पाच पुरुष होते, आणि जाइल्स कोरी नावाचा एक म्हातारा शेतकरी कोर्टापुढे कबूल-नाकबूल काहीच म्हणायला तयार होईना म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत रचत मारला. काही जण तुरुंगातच मेले. फाशीची जागा गावाच्या मध्यावर नाही, प्रॉक्टर्स लेज म्हणून एक खडक आहे तिकडे दिली, ती जागा नक्की झाली हे २०१६ साली जाहीर झालं आणि २०१७ साली तिथे छोटं स्मारक बांधलं. आणि त्या चेटकिणी नव्हत्या हो. एकही नव्हती. शेतकऱ्यांच्या बायका होत्या, एक भीक मागून पोट भरणारी होती, सारा गुड, तिची चार-पाच वर्षांची पोरगी, तिलासुद्धा साखळी घालून तुरुंगात ठेवलं होतं.

मला हे इतकं का लागलं ते तुम्हाला कळावं म्हणून थोडं माझं सांगते. मी तेवीस वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली नऊ धडगाव तालुक्यात, सातपुड्यात. तिथे एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. पाड्यात दोन पोरं तापाने गेली, कुणाची गाय मेली, की कुणीतरी म्हणतं ती माझ्या स्वप्नात आली, छातीवर बसली, झालं. एकदा रात्री अकराला एक बाई माझ्या उपकेंद्राचं दार वाजवत आली, डोकं फुटलेलं, मागून लोक, आणि तिला मारायला आलेल्यांत तिचा सख्खा पुतण्या होता. मी तिला औषधांच्या खोलीत कुलूप लावून ठेवलं आणि पहाटेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले. ती वाचली पण परत पाड्यात राहायला कधी गेली नाही. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी आपल्याकडे जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला, त्यानंतर आम्हाला ट्रेनिंग दिलं, त्या ट्रेनिंगमध्ये मी पहिल्यांदा सेलम हे नाव ऐकलं. तिथल्या कोर्टानेसुद्धा हेच पुरावे म्हणून धरले होते, अमकीची आकृती रात्री माझ्याजवळ आली, तिने मला चिमटे काढले, गळा दाबला. वाचून मला वाटलं अरे हे तर आपल्या पाड्यातलंच, नुसती नावं इंग्रजी. आणि तिथे ज्यांनी "हो, मी चेटकीण आहे" असं खोटं कबूल केलं त्यांना सहसा फाशी झाली नाही, फासावर गेल्या त्या "मी खोटं बोलणार नाही" म्हणणाऱ्या. तेव्हापासून माझ्या मनात होतं की रिटायर झाल्यावर एकदा तिथे जाऊन यायचं.

म्हणून दोन वाजता मी जाऊबाईंना घेऊन ग्रुप सोडून निघाले, तसं टूर मॅनेजरना सांगूनच निघाले. जॅकेट घातलेल्या एका स्वयंसेवक बाईंना विचारलं, त्यांनी गर्दीतून वाट काढत आम्हाला कोपऱ्यापर्यंत पोचवलं. हॅलोवीनला माझा काही विरोध नाही बरं का, लहान मुलं सजून आली होती, एक पोर तर भोपळा झालं होतं इतकं गोड, गावाचं पोट त्यावर चालतं, चालू दे. पण त्या गर्दीच्या मधोमध चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून ते स्मारक आहे, १९९२ साली तीनशे वर्षं झाली तेव्हा केलेलं. दगडी भिंत, आणि भिंतीतून बाहेर आलेले ग्रॅनाइटचे वीस कट्टे, प्रत्येकावर एक नाव, कसं मारलं आणि कुठल्या तारखेला. बस, एवढंच. आत शिरताना उंबऱ्याच्या दगडावर त्या लोकांची कोर्टातली वाक्यं कोरलीयत, मी निर्दोष आहे अशी, आणि ती वाक्यं भिंतीखाली अर्धवट जाऊन तुटतात. कुणी ऐकूनच घेतलं नाही ना, म्हणून तसं केलंय. जाऊबाईंना इंग्रजी येत नाही, मी त्यांना वाचून दाखवत गेले आणि त्या प्रत्येक नावापुढे हात जोडत गेल्या.

रिबेका नर्सच्या दगडापाशी आम्ही थांबलो. एकाहत्तर वर्षांची, जाऊबाईंच्याच वयाची म्हणा ना, कमी ऐकू यायचं तिला. पंचांनी आधी तिला निर्दोष म्हटलं होतं, न्यायाधीशांनी परत विचार करा म्हणून सांगितलं, मग तिला एक प्रश्न विचारला तो तिला ऐकूच आला नाही, ती गप्प राहिली आणि त्यावर दोषी ठरवली. फाशी १९ जुलै १६९२. आमच्याकडे फुलं नव्हती, जाऊबाईंच्या पर्समध्ये खडीसाखर होती ती त्यांनी त्या दगडावर ठेवली.

तेवढ्यात आपला ग्रुप आला. बसमध्ये तुम्ही सगळ्यांना कंपनीचं नाव छापलेल्या काळ्या टोकदार टोप्या वाटल्या होत्या, त्या घालून सगळे आले आणि त्या कट्ट्यांवर बसले, चिप्सची पाकिटं फोडली, आणि टूर मॅनेजर म्हणाले "मावशी तुम्ही पण या, टोपी घाला, ग्रुप फोटो". मी म्हटलं अरे बाळा ही मेलेल्या माणसांची नावं आहेत, उठव त्यांना. तर म्हणाला, "एन्जॉय करा हो, एवढं सिरीयस काय होताय". ग्रुपमधल्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं ते कशावर बसलेत, दोन-तीन जणींना मी सांगितल्यावर त्या पटकन उठल्या, एकीने टोपी काढून पिशवीत घातली, रात्री हॉटेलवर येऊन मला विचारत बसली अजून काय काय झालं होतं म्हणून. म्हणजे लोकांना ऐकायचं असतं, सांगणारा पाहिजे.

तो फोटो दुसऱ्या दिवशी तुमच्या फेसबुक पेजवर आला, "चेटकिणींच्या गावात आमची धमाल गँग". त्यात उजव्या कोपऱ्यात मी आणि जाऊबाई स्पष्ट दिसतोय, हात जोडलेल्या. आम्हाला विचारलं नाही. धुळ्याच्या माझ्या जुन्या सहकारी बाईंनी तो पाहून मला फोन केला, म्हणाल्या ताई तुम्ही पण? मला रात्रभर झोप नाही लागली.

साडेतीनला बस निघणार म्हणून आम्ही धावत परत निघालो, जाऊबाईंना चालवेना, शेवटी टॅक्सी केली, अठ्ठावीस डॉलर झाले, पावती जोडलीय. म्हणजे सव्वातीन तास जायचे आणि गावात मिळाले दोन तास, त्यात रांगा आणि चालणं वजा करता मला त्या जागी वीस मिनिटं मिळाली. पुन्हा मी तिकडे जाणार नाही, माझं वय आणि पेन्शन दोन्ही तेवढं नाही.

आता मला काय पाहिजे ते सांगते. सेलमच्या दिवसाचे "हॅलोवीन स्पेशल" म्हणून दर माणशी एकशे दहा डॉलर जास्तीचे घेतले होते, ते दोघींचे परत पाहिजेत कारण गाइड, तिकीट, जेवण यातलं काहीच दिलं नाही, आणि टॅक्सीचे अठ्ठावीस. ऑफिसमधून फोनवर मला पुढच्या टूरवर पाच टक्के सूट देतो म्हणाले, ती नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर मी नाशिकला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, माझ्या भाच्याने कागद तयार करून ठेवलेत आणि मला भांडायचा कंटाळा येत नाही.

ब्रोशरमधलं ते पान बदला. चेटकिणींना जाळलं हे काढा, निरपराध वीस माणसं मारली असं लिहा, त्यांची नावं लिहा. टोप्या वाटायच्याच असतील तर बाजाराच्या रस्त्यावर वाटा, स्मारकात शिरताना काढायला सांगा. आणि पुढच्या वर्षी न्यायचं असेल तर सप्टेंबरमध्ये न्या किंवा ट्रेनने न्या, नाहीतर शेजारच्या डॅनव्हर्सला न्या. हे सगळं खरं सुरू झालं ते तिथे, तेव्हाचं सेलम व्हिलेज ते हेच, रिबेका नर्सचं घर अजून तिथे उभं आहे आणि तिथेही स्मारक आहे. तुमच्या टूर मॅनेजरना हेही सांगायला सांगा की एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या एका बाईवरचा ठपका २०२२ साली पुसला, तीनशे एकोणतीस वर्षांनी, आणि तो पुसून घेतला आठवीतल्या शाळकरी पोरांनी त्यांच्या बाईंबरोबर पत्रं लिहून लिहून. हे ऐकायला टूरवरच्या कुठल्याही माणसाला आवडेल, मी बसमध्ये परतताना सांगितलं तर मागच्या सीटवरचे लोक उठून पुढे आले होते.

पैशाचं पंधरा दिवसांत बघा, ब्रोशरचं पुढच्या छपाईला बघा, पण तो फोटो पत्र मिळाल्या दिवशीच काढा.

आपली ग्राहक,
निवृत्त आरोग्यसेविका, नाशिक

सोबत: आयटिनररीचा फोटो, बुकिंगची पावती, टॅक्सीची पावती, फेसबुक पोस्टचा स्क्रीनशॉट